उतरवलेलं परत भरायचं नाही

इंदूअक्का जेवायला बसली की समोरच्याला भूक लागायची. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा माझं खाणं चिमणीएवढं होतं. माहेर जळगावला, इथे भाड्याची खोली. स्टोव्हवर भात शिजवायचा आणि लोणच्याच्या फोडीबरोबर पोटात ढकलायचा. पहिल्याच दिवशी अक्काने माझा डबा उघडला, आत डोकावली आणि झाकण होतं तसं लावून टाकलं. "हे कावळ्याला ठेव आणि इकडे सरक," म्हणाली. तिच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, झणझणीत डाळ, तळलेल्या मिरच्या आणि हाताने फोडलेला कांदा. भाकरीचा तुकडा डाळीत बुडवायची तिची एक पद्धत होती, बोटाची टोकं तेवढी भिजायची. खाताना डोळे अर्धे मिटायचे. एरवी तिची जीभ टाळूला लागत नसे, पण तोंडात घास असताना कोणी अर्जंट ट्रंक कॉलचं नाव काढलं तरी ती हातानेच 'थांब' म्हणायची.

अंगाने ती चांगली भरलेली. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. स्विचबोर्डापुढच्या खुर्चीत ती बसली की खुर्ची करकरायची आणि आम्ही एकमेकींकडे बघायचो. तिला ते कळायचं. "खुर्ची सरकारी आहे गं, तिला काय होतंय," असं म्हणून ती कानाला हेडफोन लावायची आणि तिथून पुढे जो आवाज निघायचा तो ऐकून नवीन माणूस चक्रावायचा. इतका कोवळा, सोळा वर्षांच्या मुलीसारखा आवाज. पारोळ्याचा एक आडत्या रोज या आवाजाकडे मुंबईचा कॉल लावायचा आणि लाइन लागेपर्यंत गोड गोड बोलायचा. एकदा काही कामाने धुळ्याला आला तर हा गडी अत्तर लावून थेट आमच्या दारात. "त्या ऑपरेटर मॅडमना भेटायचंय." अक्का पदर खोचून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्याच कोवळ्या आवाजात म्हणाली, "बोला भाऊ, कुठला नंबर पाहिजे?" बिचाऱ्याला चहा पाजून पाठवावं लागलं. अक्का नंतर हसून हसून खोकली, आणि मग तिला त्याच्याबद्दल वाईटही वाटलं.

तिचं गाव शिरपूरकडचं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता. वडील दुसऱ्याच्या शेतावर कापूस वेचायला जायचे आणि ही शाळेतून येऊन त्याला भरवायची. त्या भावाला तिने शिकवलं, वरणगावच्या कारखान्यात चिकटवलं, मंगल नावाची चांगली मुलगी बघून त्याचं लग्न लावलं. त्याचं नाव सुधाकर, पण ती 'भाऊ'च म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आईच्याच चेहऱ्यावर येतं.

या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आधी पाय सुजले, मग धाप लागायला लागली, आणि शेवटी त्याला मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कोणीतरी एक मूत्रपिंड दिलं तरच पुढचं बोलता येईल. तोवर मुंबईतच राहून यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं. वडील थकलेले, बायकोचा रक्तगट जुळेना. जुळली ती अक्का. तिला इतका आनंद झाला की मुंबईहून परत येताना तिने अख्ख्या ऑफिससाठी पेढे आणले. पेढे वाटून झाल्यावर सांगितलं, "पण डॉक्टर म्हणाले, वजन जास्त, रक्तदाब जास्त. आधी वजन उतरवून या. उतरवलं की लगेच घेतो म्हणाले." जणू दुकानदाराने सांगावं, पिशवी घेऊन या, माल तयार आहे.

त्या दिवसापासून अक्का चालायला लागली. पहाटे उठून पांझरेच्या काठाने देवपुरात जायची, तिथून परत, आणि सुट्टीच्या दिवशी आग्रा रोडने लळिंगच्या दिशेने पार गाव संपेपर्यंत. त्या काळी बायकांनी नुसतं चालायला बाहेर पडायची पद्धत नव्हती. लोक विचारायचे, "कुठे निघाल्या अक्का, कोणी आजारी आहे का?" ती म्हणायची, "हो." आणि पुढे जायची.

आमचे सुपरवायझर चौधरीसाहेब स्वतः मोठे फिरणारे. त्यांचं फिरणं एका हॉटेलपाशी संपायचं, आणि तिथे पोहे, जिलेबी, वर कटिंग चहा. त्यांचा सिद्धांत साधा होता. "जितकं जिरवलं तितकं भरायचं. अहो, गाडी पळवली तर पेट्रोल नको का टाकायला? आधी पोटोबा!" साहेबांचं पोट त्यांच्या सिद्धांताची साक्ष देत त्यांच्या पुढे चालायचं. अक्का त्यांना म्हणायची, "साहेब, तुम्ही विहिरीतून पाणी उपसता आणि परत विहिरीतच ओतता. असं कधी तळ लागेल का? उतरवलेलं परत भरायचं नाही." जेवणाच्या सुट्टीत यावर रोज वाद. आम्ही मुली कधी साहेबांच्या बाजूने, कधी तिच्या. गंमतच वाटायची तेव्हा.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं की तेल-साखर सोडा, भात कमी करा, पण इतकं चालल्यावर भाकरी, डाळ, पालेभाजी खायचीच. नाहीतर चरबीबरोबर रक्तही जाईल. अक्काने मान डोलावली आणि त्यातलं पहिलं तेवढं घेतलं. सकाळी चालून आली की कोरा चहा. दुपारी काकडी. संध्याकाळी पुन्हा चालणं आणि ताक. डबा मात्र ती पूर्वीसारखाच भरून आणायची, आणि तो आमच्यासमोर उघडून ठेवायची. आम्ही खायचो आणि ती बघायची. थंडीत एकदा तिच्या घरी भरीत केलं. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून, मिरच्या कुटून, सगळं तिने स्वतः केलं, आम्हाला पुरेपर्यंत वाढलं. तिच्या हाताला त्या भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. मी म्हटलं, "अक्का, एक घास." ती म्हणाली, "आज फार चाललेय गं. ते फुकट जाईल."

वजन करायला ती आमच्या मागच्या गल्लीत जायची. तिथे कापसाच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं आणि त्यात कापूस तोलायचा मोठा काटा. दर रविवारी ही त्या काट्यावर उभी राहायची आणि भिका नावाचा हमाल दांडीवरचं वजन सरकवून आकडा सांगायचा. मी एकदा बरोबर गेले होते. भिकाने आकडा सांगितला. चांगलं उतरलं होतं. मी टाळी वाजवणार तोच अक्का म्हणाली, "यात तीन किलो वाढव."

"का?"

"हा व्यापाऱ्याचा काटा आहे. घेताना कमीच दाखवणार. माझ्या बापाचा जन्म गेला याच्यापुढे उभं राहण्यात."

भिकाला लागलं ते. "काटा बराबर शे अक्का. सरकारना शिक्का शे त्यावर."

"शिक्का तर मना बापना टाइमले बी व्हता," अक्का म्हणाली आणि खाली उतरली.

मी तिला रस्ताभर चिडवलं, की अक्का, तुम्हाला कोण विकत घेणार आहे, तुमच्यात काटा मारून त्याला काय मिळणार. ती हसली नाही. खानदेशात कापसाच्या घरात वाढलेल्या माणसाला तुम्ही देवाची शपथ घेऊन काहीही पटवा, पण व्यापाऱ्याचा काटा खरा आहे हे पटवू शकत नाही. तिच्या मनात तीन किलो कायमचे जास्तच राहिले, आणि ते उतरवायला ती आणखी चालत राहिली.

हळूहळू ती ओळखू येईना. ब्लाउज सैल झाले, गळ्याची हाडं दिसायला लागली, चेहरा ओढला. लोक आधी म्हणाले, वा अक्का! मग वा म्हणायचे थांबले. खुर्ची करकरायची थांबली आणि त्याचं आम्हालाच कसंतरी वाटायला लागलं. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या विहारातली खीर दरवर्षी तीच करायची. त्या वर्षीही केली. मोठ्या पातेल्यातली खीर ढवळता ढवळता तिचा हात थांबला आणि ती कडेला भिंतीला टेकून बसली. बायका धावल्या. "काही नाही, उन्हाचं," म्हणाली. वाटीभर खीर कोणीतरी तिच्या हातात दिली, ती तिने शेजारच्या पोराला दिली.

त्यानंतर आठवडाभरात ती बोर्डावरच पडली. मालेगावची लाइन जोडत होती. हातातली जोडणीची दोरी तशीच राहिली आणि कपाळ बोर्डाला टेकलं. आम्ही तिला आतल्या खोलीत नेऊन झोपवलं. मी पाण्यात साखर ढवळून ग्लास तिच्या ओठांना लावला. शुद्धीवर येत होती तरी तिने ओठ घट्ट मिटले. मला इतका राग आला की मी वयाचा मान विसरले. "मरायचंय का तुम्हाला? एवढं चालता, वर खात नाही. ज्याच्यासाठी करताय त्याला काय तुमचं मढं देणार?"

अक्काने डोळे उघडले. रागावली नाही. एकेक शब्द जमवत म्हणाली, "चालून जे उतरतं ना, ते माझं राहत नाही गं. ते भाऊचं होतं. त्याच्या नावाने उतरवलेलं मी परत कसं खाऊ? लहानपणी त्याच्या वाटचं कधी खाल्लं नाही मी."

त्या बाईला कोणतंही आहारशास्त्र समजावून काही उपयोग नव्हता, कारण ती अन्नाबद्दल बोलतच नव्हती. मी तो ग्लास धरून बसून राहिले. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघून, माझ्यासाठी म्हणून, दोन घोट घेतले.

जूनमध्ये ती मुंबईला गेली. जाताना चेहऱ्यावर असा तोरा की बोर्डाच्या परीक्षेला निघालीय आणि पेपर आधीच फुटलाय. चार दिवसांनी परत आली ती सरळ ऑफिसातच आली, पिशवी हातात तशीच. दवाखान्यातल्या वजनाच्या यंत्राने बरोब्बर तोच आकडा दाखवला होता जो भिकाने सांगितला होता. आयुष्यात एका व्यापाऱ्याचा काटा खरा निघाला आणि तोही नको तेव्हा. वजन डॉक्टरांनी मागितलं होतं त्याच्याही खाली गेलं होतं. रक्तदाब छान उतरला होता. फक्त अंगात रक्त नव्हतं. डॉक्टर तिच्यावर ओरडले. म्हणाले, अशा बाईला मी टेबलावर घेतलं तर दोघांपैकी एकही उठायचं नाही. खा, रक्त भरून काढा आणि मग या.

"दोन महिने म्हणाले," अक्का म्हणाली. "भाऊला दोन महिने."

मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती, ती तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर भाऊ तिला समोरच्या खानावळीत घेऊन गेला. त्याला पाणीसुद्धा मापाने मिळायचं. डाळ बंद, केळी बंद, मीठ बंद. त्याने एकच ताट मागवलं आणि तिच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, माले भूक नई. तर तो टेबलावर दोन्ही कोपरं टेकून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "तू खाय. मी देखस." तिने खाल्लं. तो तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होता, आणि आवंढा गिळत होता. हे सांगताना अक्का पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही रडले. दुसरं काय करणार?

मग सुरू झालं तिचं खाणं. वाटतं सोपं, पण त्या दोन महिन्यांसारखं काही मी पाहिलं नाही. जिच्याकडे बघून दुसऱ्याला भूक लागायची ती बाई घास तोंडात घेऊन बसून राहायची. "फिरतो गं नुसता, खाली जात नाही." चौधरीसाहेब घरून उकडलेली अंडी आणायचे, गूळ-शेंगदाणे आणायचे, आणि तिच्यापुढे ठेवून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मी लोखंडी तव्यावर परतलेली पालेभाजी नेऊ लागले. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं होतं, वजन पुन्हा चढू नये म्हणून. एक दिवस चालून आली आणि साहेबांना विचारलं, "साहेब, आता चालल्यावर खायचं ना? नक्की ना?" पूर्वी याच प्रश्नावर ज्यांनी दुपारच्या दुपारी रंगवल्या त्या माणसाला हसू आलं नाही. "खायचं, अक्का," एवढंच म्हणाले.

पण तिच्या मनाला पटलेलं नव्हतं. ती औषध घ्यावं तसं खायची, आणि खाऊन झालं की तिच्या तोंडावर चोरी केल्यासारखा भाव यायचा. शिवाय आता एक नवीन टोचणी. "वेळच्या वेळी खाल्लं असतं तर आज भाऊ घरी असता." आम्ही म्हणायचो, असं काही नसतं अक्का. मनातून प्रत्येकीला वाटायचं, असं असेलही. डॉक्टर बरोबर होते, साहेब अर्धे बरोबर होते, आणि जिचं चुकलं होतं तिच्याइतकं प्रेम आमच्यापैकी कोणी कधी कोणावर केलं नव्हतं. या तिढ्याचा मी आजवर निकाल लावू शकलेले नाही.

रक्त भरलं. श्रावणात धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता जा. तिचे गाल किंचित वर आले होते. नखांना रंग आला होता, तो तिने आम्हाला एकेकीला हात पुढे करून दाखवला. निघायच्या दिवशी सकाळी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. मुंबईची गाडी लागली होती. तिने खिडकीची जागा धरली आणि मांडीवर डबा ठेवला. "वाटेत नाशिकला खाईन," म्हणाली. गाडी हलली तेव्हा तिने मागे वळून पाहिलंही नाही, पुढेच बघत होती.

मी ऑफिसात येऊन बोर्डावर बसले. दहा-साडेदहाला मुंबईचा कॉल आला. अक्काच्या घरी फोन नव्हता, तिला सगळे निरोप आमच्याकडेच यायचे. पलीकडे मंगल होती, भाऊची बायको.

"अक्का निघाल्या का?"

"सकाळीच निघाल्या. संध्याकाळपर्यंत पोचतील."

मंगल म्हणाली, "यांना ताप आला होता चार दिवस. अक्कांना कळवू नको म्हणाले होते, ती खायची बंद होईल म्हणाले. आज पहाटे गेले."

मी दोरी काढली आणि चौधरीसाहेबांना सांगितलं. सगळ्या खानदेशाची माणसं आम्ही एकमेकांना जोडून देत होतो, आणि एका लाल गाडीत बसलेल्या बाईपर्यंत पोचायला तार नव्हती. चौधरीसाहेब म्हणाले, स्टँड लावा. मालेगावचा स्टँड लावला, गाडी पुढे गेली होती. नाशिकला रोज आवाजाने ओळखणारी एक ऑपरेटर होती, तिने बाकीचे कॉल बाजूला ठेवून मला थेट स्टँडच्या कंट्रोलरची लाइन दिली. धुळे-मुंबई गाडी नुकतीच लागली होती. मी अक्काचं वर्णन सांगितलं. हिरवी साडी, मोठं कुंकू नाही, हातात स्टीलचा डबा. कंट्रोलर फोन बाजूला ठेवून बघायला गेले. लाइनवर स्टँडचा गलका ऐकू येत होता.

ते परत आले. "सापडल्या बाई. इथं समोरच बाकड्यावर बसल्यात. बोलावू का फोनवर?"

"काय करताहेत?"

"जेवताहेत. भाकरी आहे, डाळ आहे. चांगल्या बसून जेवताहेत."

चौधरीसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि मान दुसरीकडे वळवली.

"हॅलो, बाई," कंट्रोलर म्हणाले, "काय निरोप द्यायचा त्यांना? गाडी सुटेल हो."

"निरोप काही नाही," मी म्हटलं. "त्यांचं जेवण होऊ द्या. तेवढं होईपर्यंत गाडी थांबवा."